समुद्र दाराशी, तरी उपासमार का?

वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

मागच्या अंकात आयर्लंडच्या 1845 पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळाबद्दल लिहिताना मी क्वेकर पंथाच्या मदतकार्याचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली चार इथे घेते. बाकीच्यांची उत्तरं यांतच मिळतील.

बाई, हे क्वेकर कोण? माझा भाचा डब्लिनला नोकरीला आहे. त्याला विचारलं तर म्हणतो, इथे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एवढेच ठाऊक. मग हे तिसरे कुठले? (एक वाचक, डिचोली)

भाच्याला ग्राफ्टन स्ट्रीटवरचं बेवलीज नावाचं कॅफे नक्की ठाऊक असणार. ते ज्या बेवली घराण्याने काढलं, ते घराणं क्वेकर. या पंथाची सुरुवात सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये झाली. त्यांच्या प्रार्थनेला पाद्री नसतो, प्रवचन नसतं. सगळे गप्प बसतात आणि कुणाला आतून काही सुचलं तरच तो उठून बोलतो. शस्त्र हाती धरायचं नाही आणि कोर्टातही शपथ घ्यायची नाही, कारण खरं एरवीही बोलायचंच असतं. आयर्लंडमध्ये हे लोक होते जेमतेम 3,000, आणि 1841 च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या होती 81 लाखांच्या वर. म्हणजे मुठीत मावतील एवढे. पण चहाचे व्यापारी, गिरणीवाले, जहाजांचे मालक त्यांच्यात बरेच होते, आणि हिशेबाला पक्के.

बटाट्यावर करपा आला 1845 मध्ये. त्या वर्षी थोडंफार पीक हाती लागलं, 1846 मध्ये जवळजवळ सगळंच कुजलं. गरिबांचं तिन्ही त्रिकाळ जेवण बटाटा, कारण जमिनीच्या चिंचोळ्या तुकड्यावर कुटुंबाचं पोट भरेल असं दुसरं पीक नव्हतं. पिकलेले गहू-ओट खंड भरण्यासाठी विकावे लागत. त्याच नोव्हेंबरात डब्लिनमधल्या जोसेफ बेवली या चहाच्या व्यापाऱ्याने आपल्या पंथाची माणसं जमवली आणि मध्यवर्ती मदत समिती स्थापन झाली. तो आणि जोनाथन पिम हे तिचे चिटणीस.

त्यांनी सगळ्यांत आधी काय केलं, तर जाऊन पाहिलं. माझ्या लेखी या सगळ्या हकिकतीत हेच मोलाचं. इंग्लंडहून विल्यम फॉर्स्टर नावाचा साठी ओलांडलेला क्वेकर ऐन हिवाळ्यात पश्चिम आयर्लंडमध्ये फिरला. कॅरिक-ऑन-शॅनन इथल्या वर्कहाऊसमध्ये, म्हणजे निराधारांना कामाच्या बदल्यात आसरा आणि जेवण देणाऱ्या गरीबगृहात, तो आणि त्याचे सोबती पोचले तेव्हा नव्या लोकांना आत घेण्याचा दिवस होता. जागा 30, दारात उभे 110. आया म्हणत होत्या, सगळी नको, दोन-तीन पोरं तरी आत घ्या. ही माहिती डब्लिन-लंडनच्या समित्यांकडे जाई, तिथून छापून लोकांपुढे येई आणि पैसा गोळा होई.

मग सूपकेंद्रं निघाली. डब्लिनमधलं केंद्र जानेवारी 1847 मध्ये सुरू झालं. एक पेनी दिली की क्वार्टभर, म्हणजे लिटरहून थोडं जास्त, सूप, अर्धी पेनी वर दिली की पाव. ज्यांना मदत करायची असे, ते तिकिटं विकत घेऊन गरिबांना वाटत. आणि गावोगाव त्यांनी लोखंडी बॉयलर पाठवले, 300 च्या आसपास. नुसतं धान्य का नाही दिलं, असं एका वाचकाने वेगळं विचारलंय. आमच्या देवस्थानच्या महाप्रसादाचा हिशेब मी सांभाळते, तेव्हा हे मला चटकन कळतं: तांदूळ देणारे दहा जण पुढे येतात, पण मोठा हंडा आणि लाकडं कुठून आणायची हा प्रश्न शेवटपर्यंत सुटत नाही. तिथे तर झोपडीत बटाटे उकडायची एक कढई, तीही कित्येकांनी विकलेली. त्यात सरकारने अमेरिकेतून आणवलेला मका दगडासारखा. तो दळायच्या गिरण्या नाहीत, शिजवायची सवय नाही, अर्धाकच्चा खाऊन पोटं बिघडत.

बेटाच्या चारी बाजूंना समुद्र. आपल्याकडे भात गेलं तरी बांगडा-तारले आहेत म्हणून पेज गळ्याखाली उतरते. त्या लोकांनी मासे का नाही खाल्ले? (काणकोणहून, एक रांपणकार)

हा प्रश्न गोव्याच्याच माणसाला पडायचा! विचारलात ते बरं झालं, कारण क्वेकरांनाही नेमकं हेच वाटलं होतं.

पश्चिम किनारा म्हणजे उघडा अटलांटिक. आपल्यासारखं वाळूवरून जाळं ओढायचं ठिकाण क्वचित. त्यांची होडी करॅक, लाकडी सांगाड्यावर कातडं नाहीतर कॅनव्हास ताणलेली, हलकी. किनाऱ्याजवळ ठीक, पण मोठे थवे दूर खोल पाण्यात, आणि हिवाळ्याच्या लाटांत ती तिथवर न्यायची म्हणजे जिवाशी खेळ. लाकडाच्या मोठ्या होड्या बांधाव्यात तर किनाऱ्यालगत झाडंच उरलेली नव्हती. मासळी मिळालीच तर खारवायला मीठ नाही, बाजारापर्यंत रस्ता नाही. लोक खडकांवरचे शिंपले-कालवं आणि समुद्रशेवाळ खरवडून खात होते, तेही संपेपर्यंत.

आणि खरी गोम वेगळीच. गॉलवे शहराला लागून क्लाडा नावाचा मच्छीमारांचा जुना वाडा होता. विल्यम फॉर्स्टरचा मुलगा 1847 च्या सुरुवातीला तिथे गेला, तर जाळी आणि दोर सावकाराकडे गहाण पडलेले. हिवाळ्यात पोटासाठी पीठ घ्यायला माणसाने जाळं ठेवलं की हंगाम आला तरी तो किनाऱ्यावर बसून राहतो. क्वेकरांनी तिथे पैसे उसने दिले, गहाण सोडवलं, होड्या पुन्हा पाण्यात गेल्या. दान न देता कर्ज दिलं हे मला फार आवडतं, कारण ते घेणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही. वॉटरफर्डकडच्या रिंग गावातही स्थानिक धर्मगुरूच्या मदतीने असंच जमलं. पण ॲकिल बेट वगैरे ठिकाणी त्यांनी स्वतः मासेमारीची केंद्रं काढली, ती तोट्यात जाऊन बंद पडली. हवा, अंतर, बाजार, सगळंच उलटं.

सूप देऊन धर्म बदलून घेत होते असंही वाचलंय. हे लोक त्यातलेच ना? (मडगाव)

नाही. तुमचा प्रश्न मात्र रास्त. काही प्रोटेस्टंट मिशनं खरोखर शाळा आणि जेवण एकत्र देत. ॲकिलच्या एडवर्ड नँगल या पाद्र्यावर हा आरोप तेव्हाच झाला होता आणि ‘त्याने सूप घेतलं’ हा टोमणा आयर्लंडमध्ये नंतर कित्येक पिढ्या टिकला. क्वेकरांनी अट घातली नाही. गावातल्या वाटपाला कॅथलिक पाद्री आणि प्रोटेस्टंट पाद्री, जो कामाचा तो घेतला. मुळात आपल्या पंथात लोक ओढायची त्यांना हौस नव्हती. गोव्यात राहून कुणाच्याही अन्नदानाकडे संशयाने पाहायची आपल्याला सवय आहे आणि इतिहास पाहता ती चुकीची म्हणता येत नाही. पण इथे तो संशय लागू पडत नाही.

एवढं काम करणाऱ्यांनी दुष्काळ चालू असताना हात का आखडला? (एक विद्यार्थिनी, साखळी)

अगं, हात आखडला नाही, थकला. अव्याहत चाललेल्या त्या कामात कॉर्कचा अब्राहम बील 1847 मध्ये टायफस तापाने गेला, जोसेफ बेवली 1851 मध्ये गेला. सरकारनेही 1847 मध्ये कायदा करून सूपकेंद्रं काढली होती आणि जुलैत रोज 30 लाख माणसं त्यावर जेवत होती. हे जमतं हे सिद्ध झालं, आणि तरी सप्टेंबरअखेर ती बंद केली! पुढचा भार स्थानिक कराच्या आणि वर्कहाऊसांच्या गळ्यात मारला. पाव एकराहून जास्त जमीन बाळगणाऱ्याला मदत नाही असाही नियम आला, म्हणजे जेवायचं तर आधी जमीन सोड.

1849 च्या जूनमध्ये ब्रिटनचे पंतप्रधान रसेल यांच्या सरकारने क्वेकरांना पुन्हा काम सुरू करायला सुचवलं आणि सोबत 100 पौंड देऊ केले. शंभर! समितीने तोवर जवळजवळ 2 लाख पौंडांचं वाटप केलं होतं. त्यांनी नकार दिला आणि कळवलं की ही परिस्थिती खाजगी दानाच्या आवाक्यातली राहिलेली नाही, एवढ्या लोकांना वाचवायचं बळ फक्त सरकारकडे आहे. जमिनीचा कायदा बदलल्याशिवाय हे संपायचं नाही, असं पिम पुढेही लिहीत राहिला. शंभर पौंड घेऊन चार गावात सूप वाटलं असतं तर सरकारला ‘व्यवस्था केली आहे’ म्हणायला मोकळीक मिळाली असती. ती त्यांनी दिली नाही, म्हणून मला हे पत्र बॉयलरांहून मोठं वाटतं.

तुझ्या पत्रात खाली आणखी एक ओळ होती, आपल्याकडून काही मदत गेली का? गेली. कलकत्त्याहून 1846-47 मध्ये सुमारे 14,000 पौंड, मुंबईहूनही वर्गणी. अमेरिकेतल्या चॉक्टॉ जमातीने 170 डॉलर पाठवले, जेव्हा त्यांना स्वतःच्या भूमीतून हुसकावून लावल्याला पुरती वीस वर्षंही झाली नव्हती. गोवा तेव्हा पोर्तुगालचा. इथून काही गेल्याची नोंद माझ्या वाचनात आलेली नाही. बटाट्यापुरतं मात्र सांगते, 1955 नंतर भारताने नाकेबंदी केली तेव्हा आमच्या बाजारात हॉलंडचा बटाटा यायचा. तो मी खाल्लेला आहे, चांगला मेणासारखा, पण भाजीत विरघळत नसे म्हणून आई कुरकुरायची.