टॉल्किन यांच्या कादंबरीत युद्ध नेमके कुठे सापडते?

जे. आर. आर. टॉल्किन पहिल्या महायुद्धात लढले होते आणि त्यांचे जिवलग मित्र त्या युद्धात मारले गेले. याचा ठसा ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या अद्भुतकथेवर खरोखर उमटला आहे, की समीक्षकांनी हा संबंध ओढूनताणून जोडला आहे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते संबंध खरा आहे, मात्र बहुतेक वाचक तो जिथे शोधतात तिथे तो फारसा नाही. कादंबरीतले वेढे, तटबंद्या आणि घोडदळाचे हल्ले पाहून लोक फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या, पहिल्या महायुद्धातल्या रणभूमीची आठवण काढतात. पण ही वर्णने उत्तर युरोपातल्या प्राचीन वीरकाव्यांच्या घराण्यातली आहेत, आणि ती काव्ये शिकवण्यातच या प्राध्यापकाचे आयुष्य ऑक्सफर्डमध्ये गेले. प्रत्यक्ष युद्ध दिसते ते लढाई जिंकून झाल्यावर.

एक पथ्य आधीच सांगून ठेवतो. कथेतली विनाशकारी अंगठी म्हणजे अणुबॉम्ब आणि दुष्टांचा देश मॉर्डोर म्हणजे जर्मनी, अशी जुळवाजुळव करू नये. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत टॉल्किन यांनी आपली कथा रूपककथा नसल्याचे निक्षून सांगितले आहे. मात्र त्याच प्रस्तावनेत ते वाचकाला हेही सांगतात की, १९१४ च्या युद्धात तरुणपण सापडणे हा १९३९ च्या युद्धाइतकाच भीषण अनुभव होता आणि १९१८ पर्यंत एक सोडून त्यांचे सगळे जवळचे मित्र मरण पावले होते. इतका जपून बोलणारा लेखक हे वाक्य उगाच लिहिणार नाही.

हे मित्र बर्मिंगहॅमच्या किंग एडवर्ड्स शाळेतले. शाळेच्या ग्रंथालयात चोरून चहा करण्यातून त्यांची टोळी जमली आणि तिचे नावही चहावरूनच पडले. तिच्या गाभ्यात चौघे जण होते: टॉल्किन, ख्रिस्तोफर वाइजमन, रॉब गिल्सन आणि जेफ्री बाख स्मिथ. आपल्या हातून जगासाठी काहीतरी मोठे घडणार आहे, असे या पोरांना मनापासून वाटत असे. गिल्सन १ जुलै १९१६ रोजी, म्हणजे सोमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी पडला. त्या एका दिवसात ब्रिटिश सैन्याचे १९,२४० जण मृत्युमुखी पडले. ही बातमी मिळाल्यावर टॉल्किन यांनी स्मिथला पत्र लिहिले. त्यात, आपण लागोपाठ दोन रात्री रानात जाऊन नुसते विचार करत बसलो होतो, असे ते सांगतात. स्मिथ डिसेंबरात गेला. आघाडीच्या मागे तोफगोळ्याचे तुकडे लागून झालेली जखम किरकोळ वाटत होती, पण ती चिघळली आणि तीन-चार दिवसांत तो दगावला. वय बावीस.

त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत, रात्रीच्या गस्तीवर निघण्यापूर्वी, याच स्मिथने टॉल्किन यांना एक पत्र लिहिले होते. आज रात्री मी मेलो तरी आपल्यापैकी कोणीतरी मागे उरेल हाच माझा दिलासा आहे, आणि मी जे सांगू पाहत होतो ते मी नसताना तू सांगावेस, असा त्याचा आशय होता. टॉल्किन यांच्या पुढच्या सगळ्या लेखनामागे मला हे पत्र दिसते. अजून एकही पुस्तक नावावर नसलेल्या चोवीस वर्षांच्या माणसावर मेलेल्या मित्राने टाकलेली ही जबाबदारी होती.

स्वतः टॉल्किन लँकेशर फ्युझिलिअर्स या पायदळ पलटणीच्या अकराव्या बटालियनमध्ये सिग्नल अधिकारी होते. फोनच्या तारा, झेंडे, दिवे, निरोप्ये आणि कबुतरे यांच्या आधारे मागच्या ठाण्याशी संपर्क राखणे हे त्यांचे काम. ऑक्टोबर १९१६ च्या अखेरीस उवांमुळे पसरणाऱ्या खंदकतापाने त्यांना गाठले आणि नोव्हेंबरात ते इंग्लंडला परतले. एका उवेने त्यांना वाचवले असे म्हटले तरी चालेल. त्याच आजारपणात, १९१६-१७ च्या हिवाळ्यात, त्यांनी गोंडोलिन या गुप्त नगरीच्या पाडावाची कथा लिहिली. तिच्यात नगरीवर चाल करून येणाऱ्या लोखंडी सर्पांच्या पोटात सैनिक बसलेले असतात. त्याच्या काही महिनेच आधी, सप्टेंबर १९१६ मध्ये, सोमच्या आघाडीवर इतिहासात प्रथमच रणगाडे उतरले होते.

मोठ्या कादंबरीतल्या दोन गोष्टींचे मूळ लेखकाने स्वतःच सांगितले आहे. मृतांच्या दलदलीत पाण्याखाली चेहरे दिसतात, त्या प्रदेशावर सोमनंतरच्या उत्तर फ्रान्सचे थोडे ऋण आहे, असे त्यांनी १९६० च्या एका पत्रात लिहिले. मात्र एकोणिसाव्या शतकातले इंग्रज लेखक विल्यम मॉरिस यांच्या कथांचे ऋण त्याहून जास्त आहे, हेही लगेच पुढे जोडले; लोक पहिले वाक्य उचलतात आणि दुसरे सोडून देतात. दुसरी गोष्ट सॅम गॅमजीची, म्हणजे नायक फ्रोडोच्या सेवक-सोबत्याची. युद्धात पाहिलेले साधे शिपाई आणि अर्दली यांच्यावरून तो घडला, आणि ती माणसे आपल्यापेक्षा कितीतरी श्रेष्ठ होती, असे ते म्हणत.

मृत्यूशी त्यांची ओळख मात्र युद्धाने करून दिली नव्हती. वडील ते चार वर्षांचे असताना वारले. आई १९०४ मध्ये मधुमेहाने गेली, तेव्हा ते बारा वर्षांचे होते आणि इन्सुलिनचा शोध लागायला अजून सतरा वर्षे होती. अंगठी नष्ट करायला निघालेल्या फ्रोडोचे आईवडील नदीत बुडून मरतात तेव्हा तोही साधारण तेवढ्याच वयाचा असतो. यावरून मी फार मोठा निष्कर्ष काढणार नाही, पण हे वय लेखकाने नकळत निवडले असेल, असेही मला वाटत नाही.

कॉलेजात असताना मी ही कादंबरी पहिल्यांदा वाचली, तेव्हा अंगठी नष्ट झाल्यानंतरची सहा प्रकरणे मी कंटाळत, पाने उलटत संपवली होती. दुष्ट संपला, आता आणखी काय उरले, असे वाटले होते. पुढे कधीतरी महाभारतातले स्त्रीपर्व नीट वाचले आणि युद्ध जिंकल्यावर कथा का संपत नाही हे उमगले. मग ती सहा प्रकरणे पुन्हा काढली. फ्रोडोला ६ ऑक्टोबरला खांद्यावर जखम झालेली असते. पुढच्या वर्षी परतीच्या वाटेवर त्याच तारखेला ती दुखते, आणि त्याच्या पुढच्या वर्षी घरी असतानाही. १३ मार्चला, जाळे विणणाऱ्या महाकाय कोळ्याने दंश केला होता त्या दिवशी, शेतकरी कॉटन त्याला बिछान्यावर पडलेला पाहतो. गळ्यातल्या साखळीचा पांढरा खडा त्याने मुठीत घट्ट धरलेला असतो आणि सगळे अंधारले, रिते झाले असे तो अर्धवट गुंगीत पुटपुटत असतो. सॅम त्या वेळी गावाला गेलेला असतो. तो परत येतो, तेव्हा फ्रोडो त्याला यातले काहीही सांगत नाही.

तारीख आली की दुखणारी जखम आणि ती घरच्यांपासून लपवण्याची सवय, हे नुसत्या वाचनातून सुचणारे तपशील नाहीत. १९१८ नंतर इंग्लंडातल्या घराघरांत अशी माणसे होती. शायर या त्याच्या मायभूमीत फ्रोडोला कोणी वीर म्हणून ओळखतही नाही, गावकऱ्यांना कौतुक त्याच्याबरोबर गेलेल्या मेरी आणि पिपिन यांच्या उंचीचे आणि चिलखतांचे. गावच्या शेवटच्या चकमकीत तो शस्त्र उचलत नाही, उलट शरण आलेल्यांना कोणी मारू नये म्हणून धडपडतो. अखेर, मी शायर वाचवायला निघालो आणि ते वाचलेही, पण माझ्यासाठी नाही, असे सॅमला सांगून तो गाव सोडतो.

निघण्यापूर्वी तो सॅमच्या हाती एक जाड वही देतो. तिच्यात सुरुवातीची बरीच पाने त्याला वाढवणाऱ्या बिल्बोच्या अक्षरात आणि बाकीची बहुतेक हकीकत त्याच्या स्वतःच्या अक्षरात लिहिलेली असते, फक्त शेवटची काही पाने कोरी असतात. ती तुझ्यासाठी आहेत, असे तो म्हणतो. इथे दर वेळी मला फेब्रुवारी १९१६ चे ते पत्र आठवते.