गाडी लागली, पाणी लागलं, लागण झाली

प्रश्न : मी मूळची लखनौची, लग्नानंतर साताऱ्यात आले. मराठी बऱ्यापैकी कळतं पण ‘लागणे’ या एका शब्दानं वैताग आणलाय. परवा स्टँडवर सासूबाई म्हणाल्या, “चल, गाडी लागली.” आत बसल्यावर पिशवीतनं लिंबू काढून म्हणाल्या, “मला गाडी लागते.” शब्दकोश उघडला तर अर्थांची ही भलीमोठी रांग. सगळे पाठ करू का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : अजिबात नको ताई. शब्दकोशात अर्थांना नंबर दिलेले असतात, पण स्टँडवर नंबर सांगून कोण बोलतं? अर्थ पाठ करण्यापेक्षा वाक्यं गोळा करा आणि प्रत्येक वाक्यात आधी एवढंच बघा की ‘ला’ कुणाला चिकटलाय.

सासूबाईंचं पहिलं वाक्य घ्या. त्यात माणूस नाहीच, गाडी आहे आणि न बोललेला फलाट आहे, म्हणजे गाडी फलाटाला येऊन उभी राहिली. दुसऱ्यात ‘मला’ आलं, शिवाय ‘लागली’ नाही तर ‘लागते’, म्हणजे एकदाचं नाही, दरवेळचं, म्हणजे मळमळतं. आता तुम्ही म्हणाल सोप्पंय, तर थांबा, “ऑफिसला जायला मला गाडी लागते” यातपण ‘मला’ आहे आणि ‘लागते’पण आहे, पण इथं मळमळ नाही, गरज आहे, कारण पुढं कशासाठी ते सांगितलंय. आणि ते नुसतंच “मला गाडी लागते” असलं तर हातातलं लिंबू बघायचं. संदर्भ म्हणजे काय फक्त आजूबाजूचे शब्द नव्हेत, लिंबूसुद्धा संदर्भच.

घाटाचंही तेच. “वाईवरनं पाचगणीला जाताना पसरणी घाट लागतो” म्हणजे वाटेत येतो, “आमच्या पोरीला घाट लागतो” म्हणजे खिडकीजवळची सीट द्या तिला. आमटी खारट लागते तेव्हा चव, आणि कुणी “ते तुमचे कोण लागतात?” विचारलं तर नातं. हे ऐकून ऐकून बसतं, त्यात फार डोकं घालू नका.

डोकं घालायचंय ते ‘मी’ आणि ‘मला’त. “मी जायला लागलो” आणि “मला जायला लागलं” यात एक गेला तो स्वतःहून, दुसऱ्याला जाणं भाग पडलं. पुस्तकात याला ‘जावं लागलं’ लिहितात, बोलताना सातारा-सांगलीकडं ‘जायला लागलं’च जास्त ऐकाल. आणि इथली आणखी एक गंमत, जी पुण्या-मुंबईच्या माणसालाही चकवते: फोनवर कुणी “जेवाय लागलोय” म्हणालं तर जेवण आत्ता सुरू झालं असं समजू नका, तो जेवतोय, कदाचित ताकभातावर आलाय. तसंच “काय कराय लागलाईस?” म्हणजे नुसतं ‘काय करतोयस?’ सुरुवात झाली हा अर्थ हवा असेल तर आजूबाजूला काहीतरी बदल दिसतो, “आत्तापर्यंत गप्प होता, आता रडाय लागला” असा. बदल नसेल तर चालू काम समजा, बहुतेक वेळा बरोबर निघेल.

प्रश्न : जतहून जाऊबाईंचा फोन आला, “पाणी लागलं गं बाई एकदाचं!” मला धस्स झालं, मी विचारलं किती चढलंय, तर त्या हसायलाच लागल्या. एकाच जिल्ह्यात एका वाक्याचे असे उलटे अर्थ कसे?
– एक वाचक, गावभाग, सांगली

उत्तर : तुमचं धस्स होणं साहजिकच आहे. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट, आणि ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलेलं ज्यांनी बघितलंय ते ‘पाणी लागलं’ ऐकलं की आधी सामान वर न्यायचा विचार करतात. जत दुष्काळी, तिथं बोअर मारताना मशीन खाली खाली जातं, नुसता फुफाटा उडत राहतो, घरातली माणसं तोंडाकडं बघत उभी, आणि मग ओल दिसली की “पाणी लागलं”. तिथं पेढे, इथं पोती.

पण जाऊबाईंनी खूण दिली होती की. ‘एकदाचं’! हा शब्द वाट बघितलेल्या गोष्टीलाच येतो, पोराची नोकरी एकदाची लागते, निकाल एकदाचा लागतो. पुराला कुणी एकदाचा म्हणत नाही. (पूर ओसरला एकदाचा, हे मात्र म्हणतात.) आणि परत तो ‘ला’ बघा, फोनवर तो गाळला गेला म्हणून घोळ झाला: बोअरला पाणी लागलं, घराला पाणी लागलं, आणि पोराला परगावचं पाणी लागलं म्हणजे बाधलं, त्याला डॉक्टरकडं न्या.

प्रश्न : मुंबईच्या भाच्यानं आमच्याकडं पेपरात ‘तालुक्यात यंदा लागण वाढली’ वाचलं आणि विचारलं, कसली साथ आलीय? काय सांगू त्याला?
– एक शेतकरी वाचक, पलूस तालुका

उत्तर : उसाची साथ आलीय म्हणा. दुसरीकडं ज्याला लागवड म्हणतात ती आपल्याकडं लागण, आणि शेतकरी शेतकऱ्याशी बोलताना ‘उसाची’ हा शब्द गाळतोच, पेपरवालेही गाळतात. रोगाची असेल तर बातमीत रुग्ण, दवाखाना काहीतरी येईलच. आजूबाजूला आडसाली, सरी, बेणं (लावायचे उसाचे तुकडे), खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातनं परत फुटलेला ऊस) यातलं काही दिसलं तर बिनधास्त राहायचं. आडसाली म्हणजे जुलै-ऑगस्टात लावायचा ऊस, तेव्हाच पावसाळी तापाच्याही बातम्या असतात, त्यामुळं भाच्याची शंका अगदीच वेडी नाही. आणि पुढं कुठं ‘एक डोळा लागण’ वाचलं तर त्याला आधीच सांगून ठेवा, डोळे आलेले नाहीत कुणाचे, उसाच्या कांडीवर जिथनं कोंब फुटतो तो डोळा, आणि एकेका डोळ्याचं बेणं तोडून ऊस लावायची ती पद्धत आहे.