पोटरीत गोळा येतो? आधी फिनचा कप्पा तपासा

मालवण-तारकर्लीकडचं डायव्हिंग पावसाळ्यात बंद असतं, ऑक्टोबरात पुन्हा सुरू होतं. त्याआधी फिन (पाण्यात लाथ मारायला पायात घालायची लांब पाती) विकत घ्यायच्या बेतात असलेल्या विदर्भातल्या वाचकांचे पायाच्या पेटक्यांबद्दलचे प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : अंदमानात स्कूबाचा कोर्स केला. भाड्याचे फिन घालून दहा मिनिटं होत नाहीत तोच तळपायाच्या कमानीत पेटका यायचा, मग पोटरीत. लहानपणापासून वैनगंगेत पोहतो, दम भरपूर आहे. स्वतःचे फिन घ्यायचे तर कोणते? (शिक्षक, ता. पवनी, जि. भंडारा)

पेटका आधी कुठे आला, यावरून दोष कुठे आहे ते बरंचसं कळतं. तुमचा कमानीत सुरू झाला, म्हणजे पहिला संशय पात्यावर नाही. पाय ज्यात जातो त्या कप्प्यावर. कप्पा सैल असला की फिन निसटू नये म्हणून बोटं नकळत आवळली जातात. प्रत्येक लाथेला हेच होत राहिलं की तळपायाचे छोटे स्नायू वळतात. कप्पा घट्ट असला तर पायावर वरून दाब येतो, बोटांना मुंग्या येतात आणि मग कमान आखडते. भाड्याच्या फिनमध्ये या दोहोंपैकी एक बहुतेकदा वाट्याला येतंच.

फिन दोन तऱ्हेचे. टाच झाकणारे फिन अनवाणी किंवा पातळ मोज्यावर घालतात. मागे पट्टा असलेले निओप्रीनच्या (फोमसारख्या मऊ रबराच्या) बुटावर. चपलेत किंवा अनवाणी वाढलेल्या पायाचा पंजा पुष्कळदा रुंद असतो आणि बंद टाचेचे कप्पे बहुधा अरुंद. त्यामुळे तुम्ही पट्ट्याचेच घ्या, 3 मिलिमीटरच्या बुटासह.

माप संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. कागद भिंतीला लावून ठेवा, टाच भिंतीला टेकवून त्यावर उभे राहा आणि सगळ्यात लांब बोटापर्यंतचं अंतर मोजा. 27 सेंटीमीटर म्हणजे युरोपीय 42-43 च्या आसपास, पण शेवटी ज्या कंपनीचा फिन त्याच कंपनीचा तक्ता धरायचा. बूट आधी, फिन नंतर. पार्सल आलं की बूट ओले करून फिन चढवा, खुर्चीत बसून पाय उचला आणि डावी-उजवीकडे झटका द्या. फिन पायासोबतच वळला पाहिजे. पट्ट्याखाली एक बोट जेमतेम जावं. तसेच पंधरा मिनिटं बसा. कोरड्यातच तळवा दुखू लागला तर सरळ परत पाठवा. पाण्यात तो सुधारत नाही.

पातं मऊ ते मध्यम घ्या. कप्पा हातात धरून टोक जमिनीला टेकवा आणि दाबा. टोकाकडचा अर्धा-अधिक भाग सहज वाकला आणि सोडल्यावर लगेच सरळ झाला, तर ते तुमच्या कामाचं. फ्रीडायव्हिंगची (सिलिंडरशिवाय, दम रोखून मारायच्या बुडीची) लांब पाती दिसायला देखणी असतात, त्यांच्या नादी लागू नका.

आणि दम असूनही पेटका का? अनवाणी पोहताना पंजा जेवढं पाणी ढकलतो, त्याच्या कितीतरी पट पाणी फिन ढकलतो, आणि तो भार पोटरीवर येतो. नदीत पोहणाऱ्यांना गुडघ्यातून लाथ मारायची सवय असते. सायकल चालवल्यासारखी ही लाथ फिनमध्ये पाणी मागे सारत नाही, नुसती पोटरी थकवते. लाथ मांडीच्या सांध्यातून, गुडघा किंचित वाकलेला, घोटा सैल. घोटा सैल राहत नसेल तर रोज पाच मिनिटं वज्रासनात बसा. आपल्याकडे उकिडवं बसायची सवय असते, पण त्यात घोटा उलट्या दिशेला वाकतो. फिनमध्ये पंजा मागे ताणलेला लागतो. तो आपसूक ताणला गेला नाही की पोटरी जोर लावून ताणते, आणि आखूड झालेला स्नायू आवळत राहिला की गोळा आलाच.

प्रश्न : आमच्या गावच्या पोरायची बचाव टीम आहे. नदीत शोध घ्याले उतरतो तं दहा मिनिटात पोटरीत गोळा येते. फाटक्या पात्याचे फिन घेतले तं पायावर जोर कमी येते म्हणतात. खरं का? (ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर)

मधोमध चिरलेल्या पात्याच्या फिनला जोर कमी लागतो, हे खरं. तरी तुमच्या कामाला ते नकोत. धरणात-नदीत मासेमारीची जाळी, दोर, पाणवनस्पती असतात आणि त्या चिरेत नेमक्या अडकतात. शिवाय बेडूक-लाथेला ते पातं ढिलं पडतं.

तुम्हाला लागते ती बेडूक-लाथच. वरखाली लाथेने तळाचा गाळ उसळतो आणि हातभरावरचं दिसेनासं होतं. बेडूक-लाथेत पाय बाजूला उघडून तळवे मिटायचे आणि क्षणभर तसंच घसरत राहायचं. त्या क्षणात पोटरीला उसंत मिळते. यासाठी 1960च्या दशकात आलेल्या जेट फिनच्या धाटणीचे आखूड, रुंद, रबरी फिन चांगले. जोडी अडीच-तीन किलोची भरते आणि सवय नसलेल्याला पहिल्यांदा जड जाते, म्हणून आधी संथ पाण्यात दहा-दहा मिनिटांनी वाढवत न्या. पट्टा स्टीलच्या स्प्रिंगचा घ्या. साध्या पट्ट्याची लोंबती टोकं जाळ्यात अडकतात; साधाच असेल तर टोकं आत वळवून टेपने बांधा. बूट 5 मिलिमीटरचे, जाड तळव्याचे, कारण काठावर काटे आणि काच दोन्ही असतं.

एक अट मात्र आहे. वाहत्या, गढूळ पाण्यात सिलिंडर लावून उतरणं हे वेगळं प्रशिक्षण आहे. ते झालं नसेल तर फिन कितीही चांगले असोत, काठावरून दोर आणि ट्यूब टाकण्यावरच थांबा.

प्रश्न : आमच्या शेततळ्यात फिनचा सराव केला तर चालेल का? (ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

नाही. अस्तराचं प्लास्टिक ओलं झालं की उतारावर हात-पाय टिकत नाहीत, आणि पायात फिन असताना तर वर येणं अशक्यच. पोहता येणारी माणसंही शेततळ्यात याच कारणाने बुडतात. तुमच्या तळ्याच्या चारही बाजूंना गाठी मारलेले दोर आणि एक फुगवलेली ट्यूब आजच बांधून ठेवा, सराव असो वा नसो. विहिरीत चार लाथांत भिंत येते, त्यामुळे तिथेही अर्थ नाही.

नागपूर-अमरावतीच्या तरणतलावावर फिनची परवानगी विचारा. नाही मिळाली तर सराव जमिनीवर करा : पायरीच्या कडेला चवडे टेकवून टाचा वर-खाली, 15 वेळा, असे 3 फेरे. मग भिंतीला हात लावून पोटरी ताणायची, 30 सेकंद गुडघा सरळ ठेवून आणि 30 सेकंद वाकवून. वाकवलेला ताण बहुतेक जण गाळतात. खोलवरचा सोलियस स्नायू त्यातच ताणला जातो.

प्रश्न : वय 52. रात्री पोटऱ्या वळतात. रक्तदाबाची गोळी सुरू आहे. मुलासोबत तारकर्लीला एकदा पाण्याखाली जायचं आहे. फिन घ्यावेत का, मॅग्नेशियमच्या गोळ्या घेऊ का? (ता. मेहकर, जि. बुलढाणा)

एका डाइव्हसाठी फिन घेऊ नका. पहिल्या अनुभवाच्या डाइव्हमध्ये प्रशिक्षक तुम्हाला धरूनच नेतो, लाथा मारायची फारशी गरज नसते. रात्रीच्या पेटक्यांवर मॅग्नेशियमचा फारसा उपयोग दिसलेला नाही. रक्तदाबाची काही औषधं लघवी वाढवतात आणि त्याने पेटके येऊ शकतात; गोळी आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांना विचारा, आणि केंद्रावरच्या आरोग्याच्या फॉर्ममध्ये ती लपवू नका. इकडून कोकणात जाताना तास न् तास एका जागी बसणं होतं, तेव्हा मधे उतरून चाला, पाणी पीत राहा. एकच पोटरी सुजून गरम लागली आणि दुखत राहिली, तर तो पेटका समजू नका. रक्ताची गुठळी असू शकते, आधी दवाखाना.

प्रश्न : पाण्याखालीच गोळा आला तर? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, ता. तिवसा, जि. अमरावती)

लाथा थांबवा, श्वास रोखू नका, जोडीदाराला खूण करा. फिनचं टोक धरून नडगीकडे ओढा आणि गुडघा हळूहळू सरळ करा, 20-30 सेकंद. हात पोचत नसेल तर जोडीदाराने टोक दाबावं. पृष्ठभागावर असाल तर आधी अंगातलं हवेचं जाकीट फुगवा, मग पाय. पुन्हा आलाच तर डाइव्ह तिथेच संपवा. पाण्याखाली जाता यावं म्हणून कमरेला बांधतात ते शिशाचं वजन जास्त असेल तर पाय खाली लोंबतात आणि तरंगत राहायलाच लाथा माराव्या लागतात, म्हणून पुढच्या वेळी वजन तपासून घ्या.

वर आल्यावर काही तासांत सांधा दुखू लागला, मुंग्या आल्या, पाय लुळा वाटला आणि ताणूनही फरक पडला नाही, तर ती विसंपीडन व्याधी (वर येताना दाब कमी होऊन अंगात वायूचे बुडबुडे झाल्याने होणारा त्रास) असू शकते. चोळत बसू नका. केंद्राला कळवा, ऑक्सिजन घ्या, डॉक्टर गाठा, आणि परतीचं विमान पुढे ढकला.

प्रश्न : फिन घरी कुठे ठेवायचे? (ता. वरोरा, जि. चंद्रपूर)

गोड्या पाण्याने धुवून सावलीत वाळवा. टिनाच्या छपराखाली किंवा गाडीच्या डिकीत नको. एप्रिल-मेच्या उन्हात पातं वाकतं, आणि वाकलेल्या पात्याने एकाच पोटरीवर भार येतो. कप्प्यात आलेला प्लास्टिकचा साचा फेकू नका, तो घालूनच ठेवा. टोकावर उभे न करता आडवे ठेवा, वर काही रचू नका.