तू कंसात लिहिलेलं वाक्य

*ताई, मी ३२ वर्षांची, दोन वर्षं बाळासाठी प्रयत्न चालू आहेत. एंडोमेट्रिओसिस निघालंय, डाव्या अंडाशयावर ४ सेंटीमीटरची चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्ताने भरलेली गाठ आहे. सासूबाई म्हणतात मूल झालं की सगळं बरं होईल. कॅलेंडर बघून एकही दिवस चुकवत नाही (संबंधांच्या वेळी खूप दुखतं पण दात आवळून घेते, ह्यांना सांगितलेलं नाही). नवरा खूप समजूतदार आहे. आधी ऑपरेशन करू की थेट आयव्हीएफ?*

अगं, ऑपरेशन की आयव्हीएफ ते तुझे रिपोर्ट बघून डॉक्टर ठरवतील. मी अडकले तुझ्या त्या कंसात. सिस्टचं माप सेंटीमीटरमध्ये दिलंस आणि दोन वर्षांचं दुखणं कंसात ढकललंस?

ते दुखणं या आजाराचंच लक्षण आहे गं. गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो, अंडाशयावर, ट्यूबभोवती, कधी गर्भाशयाच्या मागे आतड्यापाशी, तिथे सूज येते आणि अवयव एकमेकांना चिकटतात. संबंधांच्या वेळी आत खोलवर दुखतं ते पुष्कळदा त्या मागच्या जागेमुळे, आणि साध्या सोनोग्राफीत ती जागा निसटू शकते. सिस्ट काढताना अंडाशयाचा चांगला भागही थोडा जातो, अंडी कमी होऊ शकतात, म्हणून तर आधी एएमएच, म्हणजे किती अंडी शिल्लक आहेत त्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी, बघतात, पण दुखणं एवढं असेल तर ऑपरेशनचा विचार वेगळा होतो. म्हणजे तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तू दाताखाली दाबून बसलीयेस आणि डॉक्टर नुसत्या सिस्टवरून ठरवतायत.

सासूबाईंचं म्हणणं खरं नाही. गरोदरपणात पाळी थांबते म्हणून काहींना आराम पडतो, पण मूल हा या आजारावरचा इलाज नाही, नंतर दुखणं परत येऊ शकतं.

आता नवरा. समजूतदार असेल, पण समजायला तू त्याला काही दिलंयस का? त्याच्या नकळत, त्याच्याच हातून, तू स्वतःला दुखवून घेतेयस, आणि हे कधीतरी त्याला कळणारच ना? मी त्याच्या जागी असते तर आधी चिडले असते आणि मग रडले असते. बरं, एवढं करून रोजची गरजही नाही, शुक्राणू आत ५ दिवसांपर्यंत टिकू शकतात, अंडं सुटायच्या आसपासच्या दिवसांत एक दिवसाआडही पुरतं, आणि आयव्हीएफ करायचं ठरलं तर गर्भ राहायला संबंध लागतच नाहीत. एंडोमेट्रिओसिस असून दिवस गेलेल्या कितीतरी बायका आहेत, काहींना तर उपचाराशिवाय. त्यासाठी कोणी दात आवळायला सांगितलेलं नाही तुला.

आज रात्री जेवणं झाली की त्याला समोर बसव आणि ते वाक्य कंस काढून सांग, "मला दुखतं, आणि मी तुला सांगितलं नाही." शब्द फुटले नाहीत तर मला पाठवलेलं हेच पत्र त्याच्या हातात दे. डॉक्टरांकडे पुढच्या वेळी दोघं जा, तिथे तुझ्या तोंडून निघालं नाही तर तो सांगेल.

मग मला कळव, तो काय म्हणाला ते.