सागरी रसायनशास्त्राकडे वळताना

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात दोन प्रश्न आहेत. रसायनशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असताना समुद्राच्या रसायनशास्त्राची गोडी लागली, तेव्हा आताच शाखा बदलून सागरविज्ञानाला प्रवेश घ्यावा का, हा पहिला. समुद्रतळाच्या गाळाचा अभ्यास करून पुढे काम काय मिळणार, ही घरच्यांची शंका, हा दुसरा.

माझा सल्ला असा, की पदवी रसायनशास्त्रातच पूर्ण करावी आणि त्यातही वैश्लेषिक रसायनशास्त्रावर, म्हणजे पदार्थात काय आणि किती आहे हे मोजण्याच्या शाखेवर, भर द्यावा. समुद्राची माहिती पदव्युत्तर शिक्षणात मिळवता येते, पण मोजमापाची शिस्त उशिरा अंगी बाणत नाही. खुल्या समुद्रातल्या पाण्यात किलोमागे सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात, ते मोजणे तुलनेने सोपे. विरघळलेले लोह मात्र ग्रॅमच्या अब्जाव्या भागांत मोजावे लागते आणि नमुना घेणारे जहाज स्वतःच लोखंडाचे असते! जहाजाच्या गंजाचा एक कण बाटलीत पडला, तर आकडा समुद्राचा राहत नाही. पूर्वीची लोहाची कित्येक मापने अशीच निकामी ठरली. १९८० च्या दशकात सागरवैज्ञानिक जॉन मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिस्वच्छ पद्धतीने नमुने घेतले, तेव्हा कुठे खरे प्रमाण कळले. आणि दक्षिण महासागरात नायट्रेट हे पोषकद्रव्य मुबलक असूनही वनस्पतीप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, लोहाअभावी वाढत नाहीत, हा विचार मांडता आला. एवढा मोठा निष्कर्ष बाटल्या आम्लाने धुण्याच्या काटेकोरपणावर उभा होता, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

विरघळलेला ऑक्सिजन मोजण्याची विंक्लर पद्धत १८८८ सालची. ती आजही वापरात आहे. नळी बाटलीच्या तळाशी टेकवून, पाणी वरून ओसंडू देत, एकही बुडबुडा न राहील अशी बाटली भरायची. मँगनीजचा क्षार आणि अल्कधर्मी आयोडाइड घातले की तपकिरी साका बसतो, आम्ल घातल्यावर पिवळसर आयोडीन मोकळे होते, आणि थायोसल्फेटचे थेंब पडता पडता स्टार्चचा निळा रंग एका थेंबाला नाहीसा होतो. हे अनुमापन, म्हणजे थेंबाथेंबाने केलेले मोजमाप, तुम्ही बहुधा केलेही असेल. डोलणाऱ्या जहाजावर, मध्यरात्री, चाळिसाव्या बाटलीलाही ते तितक्याच नेटाने करता येणे, हे या क्षेत्रातले कौशल्य.

गाळाविषयी घरच्यांना थोडे सविस्तर सांगावे. किनाऱ्याजवळच्या सेंद्रिय गाळाचा उभा गाभा, म्हणजे नळीने काढलेला सलग नमुना, काढला, तर वरचा थर तपकिरी, खाली करडा आणि त्याखाली काळा दिसतो. तिथे सडक्या अंड्यासारखा वासही येतो. सूक्ष्मजीव सेंद्रिय पदार्थ कुजवताना आधी ऑक्सिजन, मग नायट्रेट, मँगनीज, लोह आणि शेवटी सल्फेट वापरतात, त्याचीच ही खूण. खोल समुद्रातली लाल माती तर हजार वर्षांत जेमतेम मिलिमीटरभर साचते. गाळात सापडणाऱ्या फोरॅमिनिफेरा या एकपेशी सागरी जीवांच्या कवचांतील ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्याच्या हलक्या-जड अणूंच्या प्रमाणावरून, प्राचीन तापमान आणि हिमयुगे वाचता येतात. साधारण चार-पाच किलोमीटर खोलीच्या खाली हीच चुनखडी कवचे विरघळून जातात, आणि आज समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू (पीएच; तो घटला की आम्लता वाढते) सुमारे ८.२ वरून ८.१ वर आला असताना, म्हणजे हायड्रोजन आयन जवळपास २६ टक्क्यांनी वाढले असताना, हे गणित नीट जाणणारी माणसे हवीच आहेत.

काम संशोधन संस्थांत, सागरी प्रदूषणाच्या देखरेखीत, खारे पाणी गोडे करणाऱ्या प्रकल्पांत आणि पर्यावरण प्रयोगशाळांत मिळते. मात्र संशोधनातल्या कायम जागा थोड्या असतात आणि त्यांसाठी बहुधा पीएच.डी. लागते, हे घरच्यांपासून लपवू नये. विश्लेषणाचा हात पक्का असेल, तर अन्न, औषध आणि पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळांचे दारही उघडे राहते. शाखा आताच बदलू नये असे म्हणण्यामागे हेही एक कारण आहे.

पोहता येत नाही, असेही तुम्ही लिहिले आहे; त्याची चिंता नको. जहाजावरची सुरक्षा शिकवली जाते, आणि वर्षाचा बहुतेक काळ किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेतच जातो. सुटीत एखाद्या जल-विश्लेषण प्रयोगशाळेत महिनाभर काम मागावे, आणि पुढे अर्ज करताना प्राध्यापकांना आधी हे विचारावे, की त्यांचे विद्यार्थी नमुने स्वतः घेतात, की फक्त आयते आकडे हाताळतात.