ताणा, बाणा आणि ओतप्रोत

देवगडच्या एका शिक्षिकेने विचारले आहे की, त्यांच्या गावातील बचत गट काथ्याच्या चटया विणतो आणि त्या चटयांच्या माहितीपत्रकात त्यांनी ‘ताणा’ व ‘बाणा’ हे शब्द वापरले, तेव्हा एका जाणत्या गृहस्थांनी हे शब्द हिंदी ‘ताना-बाना’वरून उचललेले असल्याचे सांगून त्यांच्या जागी ‘उभे दोर’ आणि ‘आडवे दोर’ असे लिहायला सुचवले. हे शब्द खरोखरच परके आहेत काय, आणि कापडाचे शब्द काथ्याला लावता येतील काय, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

‘ताणा’ हा शब्द परका नाही. संस्कृत ‘तन्’ म्हणजे ताणणे, पसरणे. त्या धातूपासून आपल्याकडे ताण, ताणणे, तंतू असे अनेक शब्द आले, आणि त्यांच्यातलाच ‘ताणा’ आहे. दोन स्वरांमध्ये आलेल्या संस्कृत ‘न’चा मराठीत ‘ण’ होणे ही आपल्या भाषेची जुनी रीत आहे. ‘पानीय’चे आपल्याकडे पाणी झाले आणि हिंदीत पानी झाले, तसाच आपला ताणा आणि त्यांचा ताना. दोन्ही शब्द एकाच मुळापासून आपापल्या वाटेने आले आहेत, तेव्हा एकाने दुसऱ्याकडून उसना घेतला असे म्हणण्याचे कारण नाही. गायनातली ‘तान’ही याच धातूची आहे, परंतु ती संस्कृतातून जशीच्या तशी घेतल्यामुळे तिचा ‘न’ टिकला. उत्तर कोकणात आगरी किंवा कोळी बोली बोलणारा माणूस ‘ताना’ म्हणाला, तर तेही हिंदी ठरत नाही, कारण त्या बोलींमध्ये ‘ण’च्या जागी ‘न’ येतो आणि पाण्यालाही पानीच म्हणतात.

‘बाणा’च्या बाबतीत मात्र त्या गृहस्थांच्या शंकेत तथ्य आहे. संस्कृत ‘वे’ म्हणजे विणणे आणि ‘वान’ म्हणजे विणण्याची क्रिया. शब्दारंभीचा ‘व’ मराठी सहसा सोडत नाही : हिंदीत बीस, आपल्याकडे वीस, हिंदीत बाट, आपल्याकडे वाट. या न्यायाने आपल्याकडे ‘वाणा’ अपेक्षित होता, आणि गुजरातीत ‘ताणावाणा’ असेच म्हणतात. म्हणून आपल्या ‘बाणा’तला ‘ब’ उत्तरेकडच्या बोलण्याचा संस्कार दाखवतो, असे माझे मत आहे. तरीही त्याला ‘ण’ जोडून मराठीने तो आपलासा केला आहे, आणि एवढ्या कारणासाठी रुळलेला शब्द टाकून देऊ नये. ‘मराठी बाणा’, ‘बाणेदार’ यांतला बाणा हा निराळा शब्द आहे. त्याचा अर्थ ब्रीद किंवा वृत्ती असा असून ‘अंगी बाणणे’ या प्रयोगाशी त्याची जवळीक आहे. आडव्या धाग्याशी त्याची सांगड घालू नये.

‘उभे दोर’ आणि ‘आडवे दोर’ चुकीचे नाहीत, पण ते केवळ दिशा सांगतात, आणि मला ते अपुरे वाटतात ते याच कारणाने. ताण्याचे धागे विणकाम सुरू होण्यापूर्वीच मागावर ताणून बसवलेले असतात आणि शेवटपर्यंत त्यांना तो ताण सोसावा लागतो. शिवाय फणी, म्हणजे बाणा ठोकून बसवणारी मागाची कंगव्यासारखी चौकट, पुढे-मागे होताना ते सतत घासले जातात. बाणा धोट्याबरोबर, म्हणजे आडवा धागा वाहून नेणाऱ्या साधनाबरोबर येतो, त्यांच्यामधून जातो आणि स्थिरावतो. म्हणून ताण्याच्या सुताला बहुधा अधिक पीळ देतात आणि घासून तुटू नये यासाठी त्याला पिठाची किंवा कांजीची खळ लावतात, तर बाण्याला सहसा याची गरज पडत नाही. दोहोंसाठी वेगवेगळे तंतू वापरण्याची रीतही यातूनच समजते. मशरू नावाच्या कापडात ताणा रेशमाचा आणि बाणा सुती असतो. विणीची रचना अशी की रेशीम वर दिसते आणि अंगाला सूत लागते. हे ‘उभे’ आणि ‘आडवे’ एवढ्या दोन शब्दांत मावत नाही. कोकणातले चौल बंदर एके काळी रेशमी कापडासाठी प्रसिद्ध होते, तेव्हा या शब्दांमागचा धंदा आपल्या किनाऱ्याला अपरिचित नव्हता.

आता काथ्याविषयी. शब्द ताणण्याच्या क्रियेवरून आलेला आहे, तंतूच्या जातीवरून नाही. त्यामुळे कापूस, रेशीम, ताग, अंबाडीचा किंवा घायपाताचा वाख आणि सोडणातला, म्हणजे नारळाच्या सालीतला काथ्या या सर्वांचा ताणा होऊ शकतो. कापसाचा तंतू साधारणपणे २ ते ४ सेंटीमीटर लांब असतो आणि काथ्याचा १० ते ३० सेंटीमीटर. तरी दोन्ही तंतू तुटकच, आणि त्यांचा सलग धागा होतो तो पिळामुळे. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, ही म्हण नारळाच्या या मुलखात कोणाला समजावून सांगावी लागत नाही. माहितीपत्रकात काथ्या आणि सुंभ यांची मात्र गल्लत करू नये : सोडण सोलून, भिजवून, कुटून निघतो तो काथ्या, आणि तो वळून होते ते सुंभ. चटईचा ताणा सुंभाचा असतो.

येथे एक मर्यादा ध्यानात घ्यावी. मराठीत ‘विणणे’ हे क्रियापद फार मोकळे आहे. आपण कापड विणतो, स्वेटर विणतो, टोपली विणतो आणि मासेमारीचे जाळेही विणतो. परंतु जाळ्यात सुताला गाठी मारत जातात आणि स्वेटरात टाके एकमेकांत अडकवतात, तेथे आधी ताणून ठेवलेला धागाच नसतो. त्यामुळे जाळ्याच्या बाबतीत ताणा-बाणा म्हणता येत नाही.

पत्रातच त्यांनी ‘ओतप्रोत’चा ‘ओतणे’शी काही संबंध आहे का, असेही विचारले आहे. संबंध नाही. वर आलेल्या ‘वे’ धातूचे ‘उत’ म्हणजे विणलेले. ‘आ’ लागून ओत आणि ‘प्र’ लागून प्रोत. बृहदारण्यकोपनिषदात गार्गी याज्ञवल्क्याला विचारते की, हे सर्व पाण्यात ओतप्रोत आहे, तर पाणी कशात ओतप्रोत आहे? तेथे विश्वाकडे वस्त्र म्हणून पाहिले आहे. ‘भक्तीने ओतप्रोत अभंग’ म्हणताना आपल्याला काठोकाठ भरलेले भांडे दिसते, ते ‘ओतणे’ या आपल्या क्रियापदाच्या नादसाम्यामुळे; मूळ अर्थ त्या अभंगाच्या प्रत्येक धाग्यात भक्ती विणलेली आहे, असा होतो, आणि मला तो अधिक सुंदर वाटतो.

माहितीपत्रकात पहिल्या उल्लेखाच्या वेळी ‘ताणा, म्हणजे मागावर आधी ताणून बसवलेली उभी सुंभे’ आणि ‘बाणा, म्हणजे त्यांच्यामधून आडवे जाणारे सुंभ’ असे लिहावे, आणि पुढे सर्वत्र नुसते ताणा, बाणा ठेवावे.