वाचकांचे प्रश्न : विषाणू, पेशीतील मेद आणि तापातला कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट

प्रश्न : मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. वय 52. गेल्या महिन्यात मला डेंग्यू झाला होता. एनएस-1 चाचणी पॉझिटिव्ह आली. तापाच्या पाचव्या दिवशी इतर तपासण्यांबरोबर लिपिड प्रोफाइलही झाले. एरवी स्टॅटिनची (कोलेस्टेरॉल कमी करणारी) गोळी चालू असताना माझे एकूण कोलेस्टेरॉल 170 च्या आसपास असते, ते 112 आले. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) मात्र वाढून 240 झाले. विषाणू चरबीवर वाढतो असे सासूबाईंनी मोबाइलवर ऐकले, म्हणून त्यांनी पहिल्या दिवसापासून माझे तेल-तूप बंद केले. हे खरे आहे का? आणि कोलेस्टेरॉल एवढे उतरले असेल, तर गोळी थांबवावी का?

उत्तर : सासूबाईंनी ऐकले त्यात बरेच तथ्य आहे, पण त्यावरून तूप बंद करण्यापर्यंत जाण्याचे कारण नव्हते. आपण रिपोर्टमधले आकडे जसेच्या तसे कळवलेत हे फार बरे केलेत, कारण या आजारात पेशीच्या आत जे घडते त्याची सावली या आकड्यांत दिसते आहे.

डेंग्यूच्या विषाणूजवळ स्वतःची चयापचय यंत्रणा नसते. जेमतेम दहा प्रथिनांचे आदेश लिहिलेला आरएनएचा एक धागा आणि त्याभोवतीचे आवरण, एवढाच त्याचा संसार. आपल्या प्रती काढण्यासाठी त्याला जागा लागते, आणि ती जागा तो मानवी पेशीतील आंतर्द्रव्यजालिकेच्या, म्हणजे पेशीच्या आतल्या पडद्यांच्या जाळ्याच्या, पटलावर तयार करतो. हे पटल मेदद्रव्यांचे बनलेले असते. विषाणू त्याला आतल्या बाजूने असंख्य बारीक फुगे पाडतो आणि त्या फुग्यांत, पेशीच्या संरक्षक यंत्रणेच्या नजरेआड, आरएनएच्या प्रती निघत राहतात. एवढे पटल वाढवायचे तर मेदाम्लांचा पुरवठाही वाढायला हवा. त्यासाठी विषाणूचे एनएस-3 हे प्रथिन पेशीतील मेदाम्ले तयार करणाऱ्या विकराला (एन्झाइमला), म्हणजे फॅटी ॲसिड सिंथेजला, नेमके त्या जागी ओढून आणते. हे 2010 मध्ये प्रयोगशाळेत दाखवले गेले. त्याच वर्षी आणखी एक गोष्ट उघड झाली. पेशी अडीअडचणीसाठी मेदाचे सूक्ष्म थेंब साठवून ठेवते. डेंग्यूचा विषाणू पेशीला स्वतःचेच हे मेदबिंदू पचवायला लावतो, त्यातून सुटलेली मेदाम्ले तंतुकणिकांत (पेशीच्या ऊर्जाकेंद्रांत, मायटोकाँड्रियांत) जाळली जातात आणि मिळालेली ऊर्जा प्रती काढण्याच्या कामी लागते. म्हणजे मेद बांधणे आणि मेद जाळणे ही दोन्ही कामे विषाणू एकाच पेशीकडून एकाच वेळी करून घेतो. मला या साऱ्या विषयातली ही सर्वांत थक्क करणारी गोष्ट वाटते.

आपल्या रिपोर्टवरच्या एनएस-1 चाही या मेदाशी जवळचा संबंध आहे. बाधित पेशी हे विषाणूचे प्रथिन रक्तात सोडते, म्हणून तर ते चाचणीत सापडते. त्याचे सहा रेणू एकत्र येऊन पिंपासारखी रचना बनते आणि तिच्या पोकळीत सुमारे 70 मेदरेणू भरलेले असतात. त्यांची घडण आपल्या रक्तातील एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या) कणांतील मेदाशी बरीच मिळतीजुळती असते.

आता तुपाकडे वळू. विषाणूला लागणारी मेदाम्ले पेशीत तयार होतात किंवा पेशीच्या साठ्यातून येतात. त्यांचा कच्चा माल पिष्टमय पदार्थांतूनही मिळतो. भात, पेज आणि साखर यांपासूनही शरीर मेदाम्ले बनवते. त्यामुळे वरणभातावरचे चमचाभर तूप काढून घेतल्याने पेशीतल्या विषाणूची उपासमार होत नाही, उपासमार होते ती रुग्णाची. तापात मळमळत असेल, तर तळलेले आणि तर्रीदार पदार्थ टाळावेत, पण ते पोटाच्या सोयीसाठी. डेंग्यूत खरे लक्ष पाण्याकडे हवे : ओआरएस, ताक, शहाळे, पेज, लिंबू सरबत असे जे पोटात राहील ते थोडे थोडे, वारंवार द्यावे. तापासाठी पॅरासिटामॉलच घ्यावे; ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन घेऊ नये, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

कोलेस्टेरॉल का उतरले, याचे उत्तर मुख्यतः शरीराच्या प्रतिकारात आहे. कोणत्याही तीव्र संसर्गात यकृताचा मेदव्यवहार बदलतो. एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) आणि एचडीएल खाली येतात. ट्रायग्लिसराइड मात्र वाढतात, कारण यकृत ते जास्त प्रमाणात रक्तात सोडते आणि रक्तातून ते उचलणारे विकर मंदावते. डेंग्यूत ही घसरण विशेष ठळक असते आणि गंभीर रुग्णांत ती अधिक आढळते. पेशीही स्वस्थ बसलेल्या नसतात. इंटरफेरॉनचा, म्हणजे संसर्ग झाल्याची वर्दी देणाऱ्या प्रथिनाचा, इशारा मिळाला की काही पेशी कोलेस्टेरॉलपासून 25-हायड्रॉक्सिकोलेस्टेरॉल नावाचे द्रव्य बनवतात. त्यामुळे नवे कोलेस्टेरॉल तयार होण्याला लगाम बसतो आणि अनेक विषाणूंना पेशीच्या पटलात मिसळून आत शिरणे अवघड जाते.

तेव्हा आपले 112 हे त्या आठवड्यातले कोलेस्टेरॉल आहे. त्यावरून गोळी थांबवू नये, आणि 240 ट्रायग्लिसराइड पाहून नवी गोळी सुरूही करू नये. पूर्ण बरे वाटू लागल्यानंतर सहा ते आठ आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल पुन्हा करावे आणि तो रिपोर्ट आपल्या डॉक्टरांना दाखवावा. डेंग्यूत एसजीओटी-एसजीपीटी (यकृताला इजा झाल्याचे दाखवणारे रक्तातले आकडे) फार वाढले असतील, तर डॉक्टर काही दिवस स्टॅटिन थांबवतात. तसे त्यांनी सांगितले असेल तर ती गोळी पुन्हा केव्हा सुरू करायची हे मात्र आवर्जून विचारून घ्या. ती तशीच बंद राहून जाते, असे मी फार वेळा पाहिले आहे.

याच्या उलट, विषाणूला कोलेस्टेरॉल लागते म्हणून डेंग्यूवर स्टॅटिनच द्यावे, हा विचार संशोधकांनीही करून पाहिला. व्हिएतनाममधील हो चि मिन्ह सिटी येथे डेंग्यूच्या 300 प्रौढ रुग्णांवर लोव्हास्टॅटिनची चाचणी झाली. औषध सुरक्षित ठरले, पण आजारावर त्याचा उपयोग दिसला नाही. काचपात्रातील पेशींत जे साधते ते तापाने फणफणलेल्या माणसात साधेलच असे नाही. म्हणूनच अशा चाचण्या कराव्या लागतात.

प्रश्न : माझ्या भावाला (वय 44, नाशिक रोड) सोनोग्राफीत फॅटी लिव्हर सांगितले. तो दारू पीत नाही, अंगानेही सडपातळ आहे. पुढे तपासणीत हेपेटायटिस सी निघाला. या दोन्हींचा संबंध असू शकतो का?

उत्तर : नक्कीच असू शकतो. यकृतातल्या मेदावर हेपेटायटिस सीच्या विषाणूइतका अवलंबून असलेला दुसरा विषाणू सापडणे कठीण. त्याचे कोअर (गाभ्याचे) प्रथिन मेदबिंदूंच्या पृष्ठभागावर जाऊन बसते आणि नवे विषाणूकण तिथेच, मेदबिंदूंना खेटून, जुळवले जातात. बाहेर पडताना हा विषाणू यकृताच्या मेदवाहक कणांशी जोडलेला असतो आणि रक्तात त्याच वेशात फिरतो. यकृतातून मेद बाहेर पाठवण्याचे काम त्याच्यामुळे मंदावते, म्हणून मेद आत साचतो. हे सर्वांत जास्त या विषाणूच्या जनुकप्रकार 3 (जीनोटाइप 3) मध्ये घडते, आणि भारतात हाच प्रकार सर्वाधिक आढळतो.

दिलासा असा की हा आजार आज पूर्ण बरा होतो. सोफोसबुव्हिरसारख्या औषधांच्या साधारण 12 आठवड्यांच्या उपचाराने शंभरातले 95 हून अधिक रुग्ण विषाणूमुक्त होतात. 2018 पासून चालू असलेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हेपेटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधे मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. विषाणूमुळे साचलेला मेद उपचारानंतर बहुधा उतरतो. कोलेस्टेरॉल मात्र अनेकदा वाढते, कारण आजारात ते खोटे कमी दिसत होते. म्हणून विषाणूमुक्त झाल्यावर भावाचे लिपिड प्रोफाइल जरूर करून घ्या. मधुमेहाची तपासणीही राहू देऊ नका.

प्रश्न : सिंहस्थात पंचवटीतल्या आमच्या घरी पाहुण्यांची वर्दळ असेल. दारात सॅनिटायझर ठेवले तर पुरेल का?

उत्तर : पुरणार नाही. करोना आणि फ्लू यांच्या विषाणूंचे बाह्य आवरण मेदाचे असते, तेही आपल्याच पेशींतून उचललेले. ते अल्कोहोलने आणि साबणाने विरघळते. गर्दीच्या दिवसांत उलट्या-जुलाब घडवणारा नोरोव्हायरस किंवा काविळीचा हेपेटायटिस ए यांना असे आवरण नसते आणि सॅनिटायझर त्यांच्यावर कमी चालतो. साबण त्यांना विरघळवत नाही, पण चोळण्याने आणि वाहत्या पाण्याने ते हातावरून निघून जातात. म्हणून मोरीपाशी साबण ठेवा, निदान 20 सेकंद हात चोळायला सांगा आणि पिण्याचे पाणी उकळूनच द्या.